एकोणीस बिल्ले आणि एक शर्ट

मला गणितात कुणी हरवलेलं नाही, आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या शर्टाची गोष्ट निघाली की माझं गणित चुकलं असं लोक म्हणतात. गणित बरोबर होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आमच्या फणसवाडीतल्या चाळीतून एकोणीस बायका मोर्चाला निघणार होत्या आणि प्रत्येकीला पदरावर लावायला गोल कापडी बिल्ला हवा होता. कापड दिलं समोरच्या खोलीतल्या काकूंनी. त्यांचा मुलगा सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता. सुटला की नोकरीच्या मुलाखतीला घालील, म्हणून पूर्ण बाह्यांच्या शर्टापुरतं आणि वर थोडं असं पांढरं पॉपलीन त्यांनी आणून ठेवलं होतं.

"बिल्ले काढ, पण त्याच्या शर्टाला पुरलं पाहिजे हो," एवढंच त्या म्हणाल्या.

मी इंटरला होते, नुकती शिंगं फुटलेली. वाटी उपडी घालून आधी वर्तमानपत्रावर गोल काढले. तीन, चार, पाच, चार, तीन अशा ओळी, प्रत्येक गोल शेजारच्या ओळीच्या खाचेत बसवलेला. भोवती सहा बाजू आखल्या. याहून कमी जागेत एकोणीस गोल बसवून दाखवा, असं मी चाळीला आव्हानच दिलं. तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, पोरी, काठाकाठाने बिल्ल्यांची एकच लांब पट्टी काढ. पट्टीला कापड जास्त लागतं, हे मी त्यांना आकड्यांनिशी सुनावलं. काकूंना वाटलं, शिकलेली पोर सांगतेय म्हणजे बरोबरच असणार.

बिल्ले झकास झाले, मोर्चाही झाला. मग शिंपीकाकांनी उरलेल्या कापडावर माप टाकलं. एका टोकाला माझ्या सहा बाजूंचं भगदाड, नेमकं बाह्यांच्या जागी, आणि भोवती तिरके तुकडे. कापड मी वाचवलं होतंच, अजूनही सांगते. पण वाचलेल्या तुकड्यांतून बाही निघेना. काकांनी शेवटी अर्ध्या बाह्या केल्या. काकूंनी तो शर्ट नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा सुटून आला तो पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. आंघोळ करून त्याने नवा शर्ट चढवला आणि बाहेर आला. उजवा हात कोपराखाली वाकडा. लाठीने मोडला होता आणि तसाच जुळला होता. पत्रांतून त्याने आईला याचं अवाक्षर कळवलं नव्हतं.

काकूंनी तो हात धरला आणि वाकड्या हाडावरून बोटं फिरवली. मी दारातच उभी होते. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनीच मान वर केली.

"बरं झालं बाई, कापड कमी पडलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर याने मला कधी कळू दिलं नसतं."