चौकशीचे प्रशिक्षण, माणशी साडेचार हजार

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी पेणमधल्या आमच्या छोट्या खाजगी शाळेच्या ऑफिसात नऊ हजार रुपये मंजूर झाले. हजर तिघे: संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका आणि पालकांचा प्रतिनिधी म्हणून मी. रक्कम दोघांच्या फीची, माणशी साडेचार हजार. विषय, चौकशी कशी करावी याचे प्रशिक्षण. चौकशी आम्ही आधीच उरकली होती, हे इतिवृत्तात आले नाही.

ती अशी उरकली. तिसरीतल्या एका मुलाच्या वडिलांनी तक्रार दिली की वर्गशिक्षिकेने मुलाला छडीने मारले. बाई तरुण, खाडीकडच्या गावातल्या, वर्षाच्या करारावर. नोकरी गेली तर या भागात दुसरी शाळा त्यांना लगेच घेणार नव्हती. अध्यक्षांनी त्याच दिवशी त्यांना बिनपगारी घरी बसवले आणि स्वतः तिसरीच्या वर्गात जाऊन विचारले, "बाईंनी छडीने मारलं, हे कोणी कोणी पाहिलं? हात वर करा."

सगळा वर्ग हात वर करून बसला. त्यात तापामुळे आधीचा आठवडाभर शाळेतच न आलेली, त्याच दिवशी परतलेली एक मुलगीही होती. मधल्या सुट्टीत मी तिला विचारले, तर म्हणाली, "सगल्यांनी वर केला, मंग मीपन केला."

मी अध्यक्षांना म्हटले, हे मतदान झाले, चौकशी नाही. ती कशी करायची हे शिकवणारा माणूस पाहिजे. त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. "शोधा मग," ते म्हणाले, "पण माझं रंगकाम चाललंय. जास्त दिवस नाय."

शोधले. पनवेलचे वकील म्हणाले, मी भांडतो, शिकवत नाही. मुंबईच्या एका संस्थेची फी ऐकली आणि जीएसटीचा आकडा यायच्या आत फोन ठेवला. ओळखीच्या हवालदाराने फुकट मदत देऊ केली: "बाईंना आमच्याकडं पाठवा, चहा येईस्तोवर कबूल." शेवटी रोह्याला, जिथे मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे, तिथे एक निवृत्त अधिकारी मिळाले. कारखान्यांतल्या कामगारांच्या चौकशा करण्यातच त्यांची सारी नोकरी सरली होती, आता ते त्याचेच एक दिवसाचे वर्ग घेत.

रविवारी अध्यक्ष आणि मी रोह्याला गेलो. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आमच्यासारखे आणखी काही जण बसले होते. सर म्हणाले, प्रत्येकाला वेगळे बसवून विचारा, आणि उत्तर प्रश्नातच घालू नका.

अध्यक्षांना राहवले नाही. "सर, आमच्या कारखान्यात मूर्तीचा कान तुटला की आम्ही सगळ्यांना रांगेत उभं करतो. कोणीतरी बोलतंच."

"ज्याने तोडला तोच?"

"ते काय माहीत. पण पगारातून कापायला एक नाव मिळतं."

मग सरांनी आमचे प्रकरण विचारले. मी हात वर करण्यासकट सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "आणि त्या बाई काय म्हणतात?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही नाय विचारलं?"

"मला वाटलं तुम्ही विचारलं असेल."

"जेवणानंतर मी हेच शिकवणार होतो," सर म्हणाले.

सोमवारी बाईंना बोलावले. मुख्याध्यापिकाही बसल्या होत्या. "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," अध्यक्ष पाठ केलेले म्हटल्यासारखे म्हणाले.

"मारलं मी," बाई म्हणाल्या. "छडीनं नाय, हातानं. दंडावर एक चापट. तो शेजारच्याच्या डोळ्यात खडू घालत होता. तरी मारायला नको होतं."

"मग आधीच का नाय सांगितलंत?"

"कोणाला सांगू सर? मला घरी जा म्हणालात तेव्हा तुम्ही फोनवर होता."

मुलाला मुख्याध्यापिकांनी वेगळे बसवून विचारले. चापटच. "छडी पप्पांनी लिवली," तो म्हणाला. त्याच्या वडिलांना विचारले. रात्रपाळी करून आलेला माणूस, आवाजही चढवला नाही. "नुसती चापट लिहिली असती तर तुम्ही कागद वाचला असता का?" बाईंना काढावे असे त्यांना वाटत होते का, हेही आम्ही तेव्हाच पहिल्यांदा विचारले. नव्हते. पोराने शाळेला यायला घाबरू नये, एवढेच.

बाईंनी मुलाची माफी मागितली. त्यांना लेखी समज दिली आणि नोकरीवर परत घेतले. हे झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, प्रशिक्षणाचे नऊ हजार बाईंच्या पगारातून हप्त्याने कापू, शेवटी चौकशी कोणामुळे लागली?

"कापू या," मी म्हटले. "हात वर केले म्हणून तिसरीच्या पोरांचेही कापू. आणि फोनवर होतात त्या वेळेचे तुमचे."

"तुम्ही हिशेबाची माणसं फार वाईट," असे म्हणत त्यांनी चेकवर सही केली.

रोह्याच्या सरांना नऊ हजार दिले, चेकने, पावती घेऊन. अध्यक्षांचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र फ्रेम करणाऱ्याला तीनशे वीस. ते शाळेच्या खर्चात मी धरू दिले नाहीत, त्यांनी खिशातून दिले. आणि बाईंना घरी बसवलेल्या दिवसांचा पूर्ण पगार दिला, एक तारखेची वाट न पाहता.