फक्कीच्या रेषा आणि पिवळा इक्झोरा

"साहेब, हे कुंपण न्हाय, कावीळ झाल्यालं वऱ्हाड हाय," तानाजीराव म्हणाले.

कोडोलीजवळ त्यांचे मंगल कार्यालय आहे. गेटपासून मंडपापर्यंत रस्त्याकडेची झाडे पिवळी पडली होती. ती उपटून प्लास्टिकची लावायची, असे त्यांनी ठरवले होते. नमुन्याची चार आणूनही ठेवली होती.

मी लँडस्केपिंगची कामे करतो. मला बोलावले होते त्यांच्या पत्नी सुमनताईंनी. झाडे त्यांनी माहेरच्या, चंदगडच्या फांद्या लावून वाढवली होती.

"न्हाई सुधारली तर मीच उपटीन," त्या म्हणाल्या. "पण आधी कारण सांगा."

झाड इक्झोरा. जुनी माणसे पेंटगूळ म्हणतात. भरपूर पावसाच्या सदाहरित जंगलातले हे झुडूप. त्याला तांबडी, आम्लधर्मी माती लागते. इथे कोवळी पाने पिवळी होती, शिरा मात्र हिरव्या. याला क्लोरोसिस म्हणतात. बहुतेक वेळा झाडाला लोह मिळत नसते. मी चिलेटेड आयर्न, म्हणजे पानांना सहज घेता येणारे लोह, फवारायला दिले. पालवी हिरवी आली. दोन-तीन लग्ने झाली आणि नवी पालवी पुन्हा पिवळी निघाली.

तानाजीरावांचा फोन आला. "तुमचं औषध लग्नाला आलं आन् जेवून गेलं."

एक गोष्ट जुळत नव्हती. स्वयंपाकघरामागे हीच झाडे होती. पाणी तेच, खत तेच. ती हिरवीगार, लाल गुच्छांनी भरलेली.

पुढच्या लग्नाच्या सकाळी मी तिथे गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या पुडीच्या, पांढऱ्या रेषा मारल्या होत्या.

"प्रत्येक लग्नाला मारता?"

"व्हय की. त्याबिगर कार्यालय वाटतंय व्हय?"

"नंतर ती जाते कुठे?"

"जातीय कुठं? झाडून कडंला लोटतो."

कडेला म्हणजे झाडांच्या बुडात.

रस्त्याकडची आणि स्वयंपाकघरामागची माती घेतली. आचाऱ्याकडून व्हिनेगर मागून दोन्हींवर ओतले; चुना असला की माती फसफसते. रस्त्याकडची माती फसफसली. मागची जवळजवळ गप्प राहिली. चुना साठलेल्या मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही.

सुमनताई नवऱ्याकडे वळल्या. "ताट वाढलंसा आन् हात बांधलंसा!"

तानाजीरावांनी फक्कीची पाटी उचलून बाजूला ठेवली. "मग रेघा कशाच्या मारू? रांगोळीच्या?"

"तीतही बहुधा चुनखडी असते."

वरची माती खरवडून काढली. पालापाचोळ्याचे खत आणि माती आम्लधर्मी व्हावी म्हणून थोडे गंधक घातले. लोहाची फवारणी पुन्हा केली. रेषा आता झेंडूच्या पाकळ्यांच्या असतात. पुढच्या लग्नसराईत पालवी हिरवी निघाली आणि हिरवीच राहिली. प्लास्टिकची चार झाडे हात धुण्याच्या बेसिनपाशी उभी आहेत.

झाडाला काय घातले, ते मालक न विचारता सांगतो. झाडाजवळ काय झाडून टाकले, ते विचारावे लागते.