कॅसेटचा की डिस्कचा

डहाणूला आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो नवरा काढायचा आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग मी करायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला कॅमेरा धरताही येत नव्हता. पण हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात पुरुष शिरलेला कुणाला आवडायचा नाही. म्हणून एका लग्नात त्याने कॅमेरा माझ्याकडे दिला, आणि मग तो माझ्याकडेच राहिला.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात आमच्या ओळखीच्या एका चिकूच्या वाडीवाल्यांनी मोठा सपाट टीव्ही घेतला. मुलाच्या लग्नाची आम्ही केलेली सीडी त्यांनी त्यावर लावली आणि आम्हाला मुद्दाम घरी बोलावलं.

"वहिनी, सूनबाई अशी धुकट का दिसते हो?"

सूनबाई शेजारीच चहाचा ट्रे घेऊन उभी होती, चांगली लख्ख. टीव्हीवर मात्र तिचं नाक कुठे संपतं आणि नथ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. रस्त्यात नवरा म्हणाला, "आता एचडी घ्यावाच लागेल."

कॅमेरे गुजरातेत, वापीला मिळायचे. तिथल्या दुकानदाराने दोन समोर ठेवले. दोन्ही एचडी, दोन्ही काळे, दोन्ही आमच्या जुन्यापेक्षा देखणे. एकात कॅसेट घालायची, आमच्या जुन्या कॅमेऱ्यात जायची तीच, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. दुसऱ्यात काहीच घालायचं नाही. आत हार्ड डिस्क, सगळं त्यातच भरत जाणार.

नवऱ्याचा जीव डिस्कवाल्यावर जडला. "तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला तासभर बसावं लागतं. यात वायर लावली की झालं."

त्याचं खोटं नव्हतं. पण मला चिंचणीचं एक लग्न आठवत होतं. मच्छीमारांच्या घरातलं, तीन दिवसांचं. एडिटिंग अर्ध्यावर आलं आणि आमचा कॉम्प्युटर बसला. आतलं सगळं गेलं. त्या दिवशी मी कपाटातून कॅसेटी काढल्या, पुन्हा पहिल्यापासून उतरवल्या आणि त्या घरच्यांना काही कळलंसुद्धा नाही.

"तुमच्या त्या डिस्कमधून पुसल्यावर मागे काय उरतं?" मी दुकानदाराला विचारलं.

"पुसायच्या आधी कॉपी करायची."

"आणि ती कॉपी बसली तर?"

दुकानदार कंटाळला असावा. "बेन, दोनही घेऊन जाओ," तो म्हणाला. "एक लग्न शूट करा. पछी सांगा." आमचं त्याच्याकडे जुनं येणंजाणं होतं, म्हणून त्याने ते दिलेही.

दोन दिवसांनी रानशेतच्या बाजूला एका पाड्यावर वारल्यांचं लग्न होतं. डिस्कवाला नवऱ्याने घेतला, कॅसेटवाला मी. सकाळपासून वऱ्हाडी पोरापोरींनी अंगण दणाणून सोडलं होतं. माणसाच्या उंचीचे स्पीकर आणले होते. नवरा त्या नाचाच्या मधोमध घुसला. मी मांडवात गेले.

तिथे धवलेरी बसली होती. वारल्यांचं लग्न लावणारी ही बाई. भटजी नाही, तीच गाणी म्हणत एकेक विधी पुढे नेते. वय झालेलं, अंगाने काटकुळी, पण नजर सगळ्या मांडवावर. मला तिने जवळ बोलावलं.

"बाय, मी गाते ते यात कुठं जातं?"

मी कॅमेरा तिच्या गुडघ्याशी धरला आणि झाकणाच्या खिडकीतून आतली कॅसेट दाखवली. दोन बारीक चाकं हळूहळू फिरत होती. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हिच्यात गुंडाळतं?"

"हो. या चाकावरून त्या चाकावर."

"आन तुझ्या घरवाल्याच्यात?"

"त्याच्यात दिसत नाही काही."

स्पीकर बंद झाले आणि तिने गाणं सुरू केलं. आवाज मोठा नव्हता, पण एकदा लागला की सुटत नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर धरला आणि वेळेचं भान गेलं. नवरदेवाला पाटावर घेण्याची वेळ आली आणि माझ्या पडद्यावर कॅसेट संपल्याची खूण लुकलुकायला लागली.

"अरे देवा!" माझ्या तोंडून मोठ्यानेच निघालं.

धवलेरीने माझ्याकडे पाहिलं. गाणं थांबवलं आणि हात वर केला.

"थांबा सगळी. बायची चाकं भरली. नवी घालू दे तिला."

अख्खं लग्न थांबलं. नवरदेवाचा एक पाय पाटावर आणि एक जमिनीवर, तो तसाच उभा राहिला. त्या कॅमेऱ्याचं झाकण मोटरवर उघडायचं, आपल्या चालीने, घाई केलेली त्याला खपायची नाही. दोनशे माणसं त्या झाकणाकडे बघत होती. शेवटी कॅसेट बसली, चाकं फिरली. मी मान हलवली तशी तिने गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. नवरदेवाने सुटकेचा निःश्वास टाकून दुसरा पाय वर घेतला आणि मांडवात हसू पसरलं.

घरी येऊन दोन्ही शूटिंगं पाहिली. चित्र दोन्हींचं काचेसारखं स्वच्छ. पण नवऱ्याच्या नाचात मधेच पोरं हवेत उडालेली दिसायची आणि पुढच्या क्षणी भलतीकडेच जेवत बसलेली.

"हे काय?"

"स्पीकरजवळ गेलो की बंद पडायचा," त्याने कबूल केलं. "हादऱ्याने डिस्क थांबते बहुतेक. मला वाटलं, तुला सांगायला नको."

मी हसू दाबत होते, ते त्याला दिसलं आणि तोच आधी हसला. आमच्या तालुक्यात स्पीकरशिवाय लग्न कुठे होतं? दुसऱ्या दिवशी वापीला जाऊन आम्ही डिस्कवाला परत केला आणि कॅसेटवाला ठेवून घेतला. येताना तलासरीला उतरून वडापाव खाल्ला. कॅसेटी उतरवायला तासन् तास बसायचं काम त्याने आपणहून स्वतःकडे घेतलं.

पंधरवडा झाला असेल. सकाळी दुकान उघडलं तर धवलेरी दारात. एसटीने एकटी आली होती.

"माझं ऐकव," ती म्हणाली.

तिला स्टुलावर बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्याकडे वळवला. स्वतःला बघून ती आधी लाजली. मग ओठ हलायला लागले. मग एकाएकी तिने हेडफोन ओढून काढले.

"इथं चुकले मी. एक कडवं राहिलं."

"कुणाला कळणार आहे, आजी?"

"मला कळलं ना." तिने पदर सारखा केला. "नवी कॅसेट घाल. परत घे."

मी नवी कॅसेट घातली. पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्यासमोर बसून तिने गाणं सुरू केलं, राहिलेल्या कडव्यापासून नाही, अगदी पहिल्यापासून. एक गृहस्थ फोटो काढायला आले होते. भांग पाडता पाडता त्यांचा हात थांबला. नवऱ्याने त्यांना खुणेनेच खुर्ची दिली. बाहेर रिक्षावाले डोकावायला लागले, तशी तिने आवाज आणखी चढवला.