वांग्याएवढं रीळ

"थांब वं, तोल पाहू दे," असं म्हणून काका समोरची कुठलीही लांबट वस्तू उचलायचे आणि उजव्या तर्जनीवर आडवी ठेवायचे. माझी पट्टी, शिपायाची छत्री, लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातला डावसुद्धा. वस्तू दोन्हीकडे सारखी राहिली की डोळे मिटून म्हणायचे, "बसला!" तोवर वाढपी वरणाची बादली घेऊन ताटकळत उभा. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेलच. नसेल, तर तुमच्याकडे कामं वेळेवर होत असणार.

ते आमच्या सरकारी ऑफिसात नकाशे काढणारे मुख्य आरेखक होते, मी टायपिस्ट. क्वार्टरही भिंतीला भिंत लागून, म्हणून नात्याचे नसूनही काका. रविवारी ते अंबाझरीच्या तलावावर गळ टाकून बसायचे. काकू दारातून ओरडून सांगायच्या, "यायच्या गळाले मासा नाही लागत वं, यायलेच सर्दी लागते!"

मग एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हलकाच होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र पुरता परत आला नाही. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं, मनगटावर भार नको. काकांनी गुपचूप आपली गळाची जुनी वेताची काठी उचलून पाहिली. ती हातातून सुटून कुंडीवर पडली. त्यानंतर त्यांनी तोल पाहणं सोडलं. मी एकदा मुद्दाम पट्टी पुढे केली, तर म्हणाले, "राहू दे. बोटच खोटं झालं आता." मला रडू आलं, आणि मी उगाचच टाइपरायटरची फीत बदलत बसले.

आता गंमत ऐका. आमच्याच खात्यातले एक साहेब बदलीवर निघाले आणि जाताना त्यांनी सामान वाटलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला तुळस, आणि काकांना गळाची एक काठी. आखूड, बारीक, वजन म्हणजे जवळजवळ नाहीच. पिसांची खोटी माशी करून पाण्यावर अलगद टाकायची, त्यासाठीची. दोरी गुंडाळायचं रीळ मात्र हरवलेलं.

काठी हातात आली आणि काकांचा चेहराच बदलला. "हे जमते मले," ते म्हणाले. "फक्त रीळ बरोबर पाहिजे. हलकं झालं तर काठी पुढे झुकते, जड झालं तर मागे बसते. दोन्हीत मनगट मरते. तोल बसला की मनगटानं नुसतं सांगायचं, तिकडे जा."

"मंग तोल पाहा न," काकू म्हणाल्या.

काकांनी आपल्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरी, तुझं बोट आण."

अशी मी काकांचं बोट झाले. किती वजनाचं रीळ हवं हे कळावं म्हणून मी मुठीच्या पुढच्या टोकाशी, एकाच जागी बोट धरायचं आणि रिळाच्या जागी घरातली एकेक वस्तू बांधून पाहायची, असं ठरलं. बटाटा बांधला, काठी मागे कलंडली. लिंबू बांधलं, पुढे गेली. साबणाची वडी घसरून थेट काकूंच्या पिठात पडली. शेवटी भाजीच्या टोपलीतलं एक लहान जांभळं वांगं सुतळीनं बांधलं, आणि काठी माझ्या बोटावर अशी आडवी झाली की तिघंही श्वास धरून उभे राहिलो.

"बसला!" काका ओरडले. किती महिन्यांनी!

दुसऱ्या दिवशी आमची वरात इतवारीच्या बाजारात. काका पुढे, काठी काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या खांद्यावर, आणि काकूंच्या पिशवीत वांगं. मांजा, चक्र्या आणि गळ विकणाऱ्या दुकानात काकांनी वांगं गल्ल्यावर ठेवलं. "याच्या वजनाचं रीळ द्या."

दुकानदारानं वांग्याकडे पाहिलं. "काकाजी, भाजीबाजार तिकडे आहे."

मग त्यानं एक भलंमोठं चकचकीत रीळ काढलं. "हे घ्या. मगर बी वढून आणते!"

"मगर वढून काय करू गा? मले माझं मनगट सांभाळायचं आहे."

अखेर तराजू आला. एका पारड्यात वांगं, दुसऱ्यात एकेक रीळ. गल्लीतले हातगाडीवाले थांबले, मागे टेम्पो अडकला, आणि जो तो निकाल देऊ लागला, "वांगं जड आहे!" "नाही गा, रीळ जड आहे!" कोपऱ्यातलं एक जुनं, छोटं रीळ टाकलं तेव्हा काटा सरळ उभा राहिला. टेम्पोवाल्यानंच टाळी वाजवली. आम्ही नवरी पसंत करून आल्यासारखे घरी आलो. काकूंनी वांग्याची आता गरज नाही म्हणून ते चिरून भाजीत टाकलं.

काकांनी निवांत बसून रिळावर दोरी गुंडाळली, काठीला रीळ लावलं, मी बोट धरलं. काठीनं मागे धाडकन बसकण मारली.

आम्ही तोललं होतं नुसतं रीळ. दोरीला पण वजन असतं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! काका जे हसत सुटले, की काकूंना दुसऱ्या झटक्याची भीती वाटली. "आरेखक म्हणे! मुख्य म्हणे!" डोळे पुसत ते म्हणत होते. हसून झाल्यावर मात्र त्यांनी रीळ काढून बाजूला ठेवलं. याहून हलकं त्या दुकानात नव्हतं. "जाऊ दे वं. नशिबातच नाही," हे ते इतकं हळू बोलले, की मला बटाटा फेकून मारावासा वाटला.

काकू भजी तळत होत्या. त्यांनी भज्यांसकट झारा वर धरला. तेल खाली टपकत होतं. "भोकं पाडा न त्याले," त्या म्हणाल्या. "झारा हलका काहून असते? निम्मा तर भोकायचाच आहे."

काका बघतच राहिले. मग उठून काकूंच्या हातातला झारा घेतला, भजी ताटात ओतली आणि तो कपाळाला लावला. चटक्याचा डाग पुढे चार दिवस मिरवला.

झाऱ्याला भोकं पाडणारा कारागीर पुन्हा इतवारीतच, भांड्यांच्या ओळीत. त्यानं रीळ उलटंपालटं केलं. "यातून चहा गाळता का साखरेचा पाक?" पण हात नेटका होता. एक भोक पाडायचं, काठी माझ्या बोटावर ठेवायची, पुन्हा एक भोक. रिळाची दोन्ही अंगं चाळणी झाली तेव्हा कुठे काठी आडवी झाली. या वेळी दोरीसकट.

त्या रविवारी अंबाझरीला आम्ही तिघंही गेलो. काकांनी गळ टाकण्याआधी मी सवयीनं बोट पुढे केलं. ते म्हणाले, "थांब." आणि त्यांनी आपली उजवी तर्जनी धरली. बोट थरथरत होतं. त्यावर ठेवलेली काठीही थरथरत होती, पण ना पुढे झुकली ना मागे. काका "बसला" म्हणाले नाहीत. काठी मुठीत धरून त्यांनी मनगटानं नुसतं सांगितलं, तिकडे जा.

दुपारपर्यंत एक मासा लागला, बोटाएवढा. काकूंनी तो निरखून विचारलं, "हा भाजू का पुजू?" काकांनी तो पाण्यात सोडला.

पुढे कितीतरी रविवार त्या काठीनं पाहिले. आता काका नाहीत. मागच्या महिन्यात मी काकूंकडे गेले, तर काठी भिंतीवर, तिच्या मुठीशी झाऱ्यासारखं ते रीळ. काकूंनी ती उतरवून माझ्यासमोर धरली. "तोल पाह्य वं."

मी तर्जनी पुढे केली. माझंही बोट आता थोडं थरथरतं. काठी आडवी झाली आणि तशीच राहिली. आम्ही दोघी वाट पाहत उभ्या होतो, कुणीतरी "बसला" म्हणेल म्हणून.