टायपिस्टबाईंनी सोडून दिलेलं प्रकरण

त्या ऑफिसात सगळे त्यांना बाई म्हणत. बाई टायपिस्ट होत्या, आणि साध्या टायपिस्ट नव्हत्या, थोरल्या वकिलांच्या टायपिस्ट होत्या. इतरांना नसला तरी बाईंना हा फरक फार मोठा होता. थोरले वकील पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालत दावा सांगायचे आणि बाई तो थेट मशीनवर उतरवायच्या. ओळ संपत आली की मशीनची घंटा वाजायची. तेवढ्यात वकील श्वास घ्यायचे, बाई डाव्या हातानं दांडी ढकलून कागद पुढच्या ओळीवर आणायच्या, आणि गाडी पुन्हा सुरू. "झालं का?" असं विचारायची वेळ वकिलांवर कधी आली नव्हती.

मग वकिलांची मुलगी स्वतः वकील होऊन तिथेच बसू लागली, ऑफिसात तिला सगळे धाकटी म्हणू लागले, आणि तिनं कॉम्प्युटर आणला. ही पोर लहानपणी बाईंच्या टेबलाखाली बसून कार्बन पेपरनं तोंड काळं करून घ्यायची, आणि बाईच तिचं तोंड पुसायच्या. बाईंना ती मावशी म्हणायची. तिनं अगदी गोड शब्दांत सांगितलं की महिनाअखेरीला मशीन जाईल. तोवर मावशींना कॉम्प्युटर जमला तर सोन्याहून पिवळं. नाहीच जमला तर बाहेरून एक मुलगी येईल आणि मावशींनी दारापाशी बसून फोन घ्यावेत, पगार तोच राहील. बाई बरं म्हणाल्या. दारापाशी बसायला मात्र त्या मनातून तयार नव्हत्या.

परगावी नोकरीला असलेली लेक फोनवरून शिकवायला बघायची, पण तिला दम नव्हता. दोन वाक्यांनंतर तिचा सुस्कारा ऐकू यायचा. शेवटी बाईंनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड मार्गदर्शक उचललं. पत्रं लिहायची, तक्ते आखायचे, आकडेमोड मांडायची, ऑफिसचं सगळं काम चित्रांसकट त्यात होतं. एकच गोष्ट कितीदाही विचारली तरी पुस्तक सुस्कारा सोडत नव्हतं, हे बाईंना सगळ्यात आवडलं.

बाईंचे यजमान टेलर. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. संध्याकाळी कापड बेतायच्या टेबलावर बाई खडूनं कॉम्प्युटरचा पडदा काढायच्या, वर पुस्तकात बघून बटणांच्या चौकटी आखायच्या, आणि दोऱ्याचं रिकामं रीळ माऊस म्हणून हातात धरायच्या. यजमान चष्मा नाकावर ओढून एकेक पायरी वाचायचे. बाई रीळ सरकवायच्या आणि तोंडानं "टिक" म्हणायच्या. कपडे टाकायला आलेली गिऱ्हाइकं हा खेळ बघून गालातल्या गालात हसायची. बाईंनी तिकडे कानाडोळा केला. सकाळी ऑफिसात लवकर जाऊन त्या तेच पडद्यावर करून बघायच्या आणि ते जमायचं. त्यांची कॉलर ताठ झाली होती.

महिना संपत आला तेव्हा धाकटीनं त्यांना एक लांबलचक दावा दिला. बाईंनी तो बघता बघता उतरवला. धाकटी पडद्याकडे बघून म्हणाली, छान झालाय, फक्त डावीकडे समास वाढवा आणि अक्षर थोडं मोठं करा. हे तर पुस्तकातलं तोंडपाठ होतं. बाईंनी ऐटीत बटण दाबलं, आणि सबंध दाव्याच्या चिंध्या झाल्या. एक ओळ भरलेली, पुढच्या ओळीत दोनच शब्द, मग पुन्हा भरलेली, पुन्हा दोन शब्द. बाई एकेक ओळ ओढून जागेवर बसवू लागल्या. दुपार गेली, तरी अर्धाही दावा नीट होईना. धाकटीनं कागद उचलले आणि बाहेरून टाइप करून आणले. ती रागावली असती तर बाईंना कमी लागलं असतं.

घरी आल्यावर बाईंनी पुस्तक टेबलावर आदळलं. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तक चाळायला घेतलं. मधली पानं हाताळून मऊ पडली होती. सुरुवातीची मात्र कोरी करकरीत.

"अगं, पहिलं प्रकरण वाचलंच नाहीस?"

"ते टायपिंगचं आहे," बाई म्हणाल्या.

यजमानांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं, ओळ संपली की एंटर दाबू नका, ओळ आपोआप खाली जाते. परिच्छेद संपल्यावरच दाबा. मशीनच्या दांडीचं काम इथे एंटरकडे दिलंय असं बाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि प्रत्येक ओळीला इमानेइतबारे तो दाबला होता.

"म्हणजे तू ओळीओळीला गाठ मारलीस," यजमान म्हणाले. "मग कपडा सैल कसा होणार?"

टायपिंग कोण मला शिकवणार, या तोऱ्यात आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे बाईंना कळलं. लाज वाटली, आणि मग हसूही आलं. पण कळणं वेगळं आणि बोटानं ऐकणं वेगळं. वर्षानुवर्षांची सवय, ओळ भरली की करंगळी एंटरवर जाणारच. यजमानांनी खणातून आपलं पितळी अंगुस्तान काढलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते, आणि बाईंच्या उजव्या करंगळीत बसवलं. आता चुकून एंटर दाबला की टक्कन आवाज येणार होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच दावा पुन्हा मागून घेतला. पहिल्या पानभर टकटक झाली, आणि दर टकटकीला बाई मागे जाऊन गाठ सोडवत होत्या. पुढे आवाज कमी होत गेला. शेवटी धाकटीनं स्वतः समास वाढवला. ओळी निमूट सरकून जागेवर बसल्या. "मावशी, खुर्ची हलवायची नाही," एवढंच ती म्हणाली. मशीन गेलं.

त्यानंतर थोरले वकील पहिल्यांदा दावा सांगायला उभे राहिले. दोन वाक्यं झाली आणि ते अडखळले. घंटा नव्हती. पाठमोरेच थांबून त्यांनी विचारलं, "बाई, झालं का?"

आपल्या करंगळीसारखाच यांचा श्वासही त्या घंटेला बांधलेला होता, हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ओळ संपताना अंगुस्तान घातलेली करंगळी टेबलाच्या कडेवर आपटली. टक.

वकिलांनी श्वास घेतला आणि ते पुढचं वाक्य सांगायला लागले.