खडूच्या रेघेअलीकडे

आमच्या मिस्त्रींनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, चाळीस वर्षं गाड्यांची इंजिनं बोटांनी तपासली. इंजिन चालू असतानाच प्लगची वायर उपसायची, झटका खायचा आणि त्याच्या जोरावरून कुठली वायर अधू ते सांगायचं. टेस्टर घ्या म्हटलं की म्हणायचे, "मिठाचा अंदाज घ्यायला तू काटा आणतेस का?" मी चार इयत्ता शिकलेली, आपली आमटीत मीठ टाकायला वळायची! पुढे पुढे जेवताना ह्यांच्या बोटांतून घास सुटायचा. तेव्हा मात्र मी ताटाशी चमचा सरकवायची.

मग हृदय अडखळायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी छातीत कातडीखाली ठोके सांभाळणारं, काडेपेटीपेक्षा लहान यंत्र बसवलं आणि बजावलं, "चालू इंजिनापासून दोन हात लांब राहायचं. झटका बसला तर हे यंत्र चुकेल, आणि त्याच्यासोबत हृदयही."

मी गॅरेजात खडूने रेघ मारली. अलीकडे ह्यांचं स्टूल. पलीकडे इंजिन आणि धाकटे भाऊजी. रेघ रोज पुसली जायची, मी रोज मारायची. गिऱ्हाइकं हसायची, "मिस्त्री, लंगडी खेळताय का?"

परवा एक गाडी आली, आचके देत. हे स्टुलावरूनच ओरडले, "दुसऱ्या नंबरची वायर!"

भाऊजींनी चावी बंद केली. वायरीला टेस्टर लावला, त्याचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला अडकवला, हात मागे घेतले आणि मगच गाडीवाल्याला चावी फिरवायला सांगितली. दर वायरीला तेच, पहिल्यापासून.

"वरात निघालीय का?" हे कुरकुरले. "माझं एव्हाना दोनदा झालं असतं."

"आणि तुम्ही एकदा गेलाही असता," मी म्हणाले.

शेवटी वायर बदलली. इंजिन कसं लोण्यासारखं चालायला लागलं.

"दुसरीच ना रे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "हो दादा. तू म्हणालास तीच."

ती तिसरी होती. माझ्या डोळ्यांदेखत काढली होती. पण ह्यांचा चेहरा असा काही उजळला, की म्हटलं जाऊ दे, एवढं तरी मिळू दे माणसाला.

तर हे उठलेच. बाह्या वर सारल्या. "कान शाबूत आहेत माझे! थांब, बाकीच्याही बघतो. नुसतं एक बोट."

इंजिन चालूच होतं. चप्पल रेघेवर पडली. मी सदरा धरला, ह्यांनी हिसडा दिला. भाऊजी आडवे आले, त्यांनाही लोटलं.

"तिसरी होती," मी म्हणाले.

"काय?"

"वायर. तिसऱ्या नंबरची. तुमचं चुकलं."

ह्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी जमिनीकडे. इंजिन बिचारं छान चाललं होतं.

हे मागे वळले, स्टुलावर बसले. बाह्या खाली घेतल्या आणि बटणं लावायला गेले, तर बोटांना ती सापडेनात.

मी लावून दिली. दुसरं काय करणार होते मी?