बिननंबरचे मास्तर

रस्त्यात खड्डा दिसला की मास्तरांचा हात कमरेमागे जायचा आणि बोट खाली वळायचं. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला सावध करायची ही खूण, पण मास्तर ती पायी चालतानाही करायचे. एकदा वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढे चालताना त्यांनी अशी खूण केली आणि घोडेवाल्याने खरोखरच लगाम खेचला.

"खड्डा होता न भाऊ," मास्तर म्हणाले. "घोड्याले कोण सांगन?"

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत. एसटीच्या कंडक्टरला आपण मास्तर म्हणतो, तसे मास्तर. सगळी नोकरी नागपूर-काटोल रस्त्यावर झाली. निवृत्त झाल्यावर ते त्याच रस्त्याने सायकल चालवू लागले. फेटरी आली की मोठ्याने ओरडायचे, "चला, फेटरीवाले उतरा!" मागे मी एकटाच असायचो. "तुम्ही नाही उतरत का? मंग जोर लावा."

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीवर खिळे आणि बिजागऱ्या विकून केली. भाव केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. डोकं लवकर तापतं, हे सारा बाजार सांगेल. रक्तातली साखर वाढली, डॉक्टरने घाम गाळायला सांगितलं, आणि मागच्या गल्लीतले मास्तर मला सायकलवर घेऊन गेले.

काटोल रोडवर दर वर्षी हौशी लोकांची सायकल शर्यत होते. काटोलला जायचं आणि ठरलेल्या वेळेत परत यायचं. उशीर झालेल्यांना मागून येणारा टेम्पो उचलतो. मास्तर दर वर्षी टेम्पोत बसून परत यायचे. "जिंदगीभर लोकाईले गाडीत चढवलं," ते हसायचे, "आता लोकं मले चढवून राहिले." पण टेम्पोतून उतरताना ते हसत नसत, हे मी पाहिलं होतं. त्या रस्त्याने ते आयुष्यभर उभ्याने गेले होते. एकदा तरी आपल्या पायांनी, वेळेत, एवढंच त्यांना हवं होतं.

एका पहाटे मी त्यांच्या मागे होतो. समोर ढळढळीत खड्डा, आणि मास्तरांचा हात हललाच नाही. दोघेही पडलो. मी तिथेच तापलो, "मास्तर, हात काहून नाही केला?"

ते गुडघा चोळत म्हणाले, "दिसलाच नाही न भाऊ."

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला, आणि उन्हाळ्याच्या आत सायकल सोडा म्हणाला. मी म्हटलं, काहीतरी करा, मुंबईला नेतो, लागेल ते करतो. डॉक्टर शांतपणे पुन्हा तेच म्हणाला. माणूस एका भावावर अडून बसला की मला घाम फुटतो. मास्तर मात्र बोटांवर हिशेब करत होते. "शर्यत उन्हाळ्याच्या आधी हाये," ते म्हणाले. "म्हणजे ही एक भेटते."

शर्यतीच्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. मास्तरांनी आपला जुना पिवळा रेनकोट चढवला आणि नंबर त्याच्यावरच पिनांनी लावला. आत लावला तर झाकला जाईल, हा त्यांचा विचार. वेळ मोजणारी चिप त्या नंबरातच असते.

काटोलहून परतताना गारा सुरू झाल्या. वारा समोरून, रस्त्यावर गारांचा खच, हेल्मेटवर नुसता तडतडाट. कळमेश्वरच्या बस थांब्याखाली आम्ही शिरलो. मास्तर डोळे पुसत होते.

"तुम्ही दिसून नाही राहिले मले," ते म्हणाले. "तुमचे कपडे काळे, रस्ता काळा." मग त्यांनी रेनकोट उतरवला. "हा घाला. पिवळं दिसते मले. तुमच्या मागं मागं येतो."

"अन् तुम्ही?"

"एसटीच्या टपावर लगेज चढवलं हाये म्या पावसात. घाला लवकर, टाइम जाते."

मी घातला. मास्तरांचा नंबर त्याच्यावर आहे आणि माझा आत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग मी पुढे आणि ते मागे. खड्डा आला की आता मी ओरडत होतो. मागून होकार यायचा, "हाव!" त्या "हाव"साठी मी जीव खाऊन पाय मारले.

शेवटची रेष फेटरीच्या अलीकडे होती. वाऱ्याने कमान आडवी झाली होती, रेषेची पांढरी फक्की पाण्यात वाहून चालली होती. मी चिप वाचणाऱ्या पट्टीवरून गेलो, यंत्र दोनदा वाजलं. मागे वळलो, तर एक पोरगी हात पसरून मास्तरांना बाजूला हाकलत होती.

"काका, साइडनं जा! रेस चालू आहे!"

अंगावर नंबर नव्हता. मास्तर कडेला बांधलेल्या दोरीच्या बाहेरून रेष ओलांडून तसेच पुढे निघून गेले. कुठे थांबायचं ते त्यांना दिसलंच नव्हतं. मी धावत जाऊन हँडल धरलं.

"रेष आली का भाऊ?"

"मागं गेली, मास्तर."

"टाइमात?"

"टाइमात."

त्यांनी हँडलवर कपाळ टेकलं.

तंबूतला संयोजक सभ्य होता, म्हणून जास्त राग आला. एका माणसाने दोन नंबर आणले, नियमाप्रमाणे दोन्ही बाद. मी टेबल ठोकलं. मग भावावर आलो. "माझा नंबर काटा, त्यांचा ठेवा. एक सोडतो, एक द्या."

"काका, हे दुकान नाही."

"त्यांनी रेष ओलांडली! म्या पाह्यलं!"

"आणखी कोणी पाहिलं?"

त्या पोरीला शोधून आणलं. तिने मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाली की गर्दीत आठवत नाही. "पुढच्या वर्षी या काका," संयोजक मास्तरांना म्हणाला. मास्तर कुडकुडत होते. "जाऊ द्या न भाऊ," त्यांनी माझी बाही ओढली. "अंधारल्यासारखं होऊन राहिलं. घरी चाला."

त्या संयोजकाला मी अजून माफ केलेलं नाही. तो दुकानासमोरून गेला की माझ्या डोक्याची तार हलते. शर्यतीत मी पुन्हा उतरलो नाही.

मास्तर आता पुण्यात लेकीकडे असतात. दिसणं जवळपास संपलं आहे. रविवारी मी काटोल रोडवर असेन, हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तेव्हाच फोन करतात. संत्र्याचा बहार कसा आहे, रस्ता केला का, विचारतात. मग आवाज थोडा खाली येतो.

"भाऊ, त्या दिवशी मले आणखी कोणी पाह्यलं असन का हो?"

मी सायकल रस्त्याच्या कडेला घेतो.

"वारा लय आहे मास्तर, ऐकू नाही येत," मी म्हणतो, आणि फोन कानाला धरून उभा राहतो. बाजूच्या बागेत संत्र्याचं पानही हलत नसतं.